वायरमनने दाखवला तेव्हा दिवा लागला होता

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री आई गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया आणायला गेली. साडेनऊ वाजले असतील. दिवसभराच्या उन्हाने स्लॅब अजून धगधगत होता, अनवाणी पाय टेकवत नव्हता. ती हातात परात, परातीवर जुन्या सुती साडीचा पदर टाकून जिना उतरायला लागली. गच्चीखालच्या त्या शेवटच्या जिन्यात आम्ही जानेवारीत सेन्सरचा दिवा बसवून घेतला होता. माणूस आला की आपोआप लागणारा, बटण शोधायला नको, म्हाताऱ्या माणसांना बरं, म्हणून खास तिच्यासाठीच घेतलेला. तो लागला नाही. ती दोन पायऱ्या तशीच उतरली, आता लागेल, मग लागेल म्हणून. तिसऱ्या पायरीला तिला वाटलं जिना संपला, आणि पाय हवेत गेला. आवाज ऐकून मी धावलो तेव्हा ती पायरीवर बसलेली होती, एक हात कठड्याला, दुसऱ्या हाताने परात अजून छातीशी धरलेली. पाऊल सुजलं होतं. कुरडयांचा चुरा झाला होता आणि तिला आधी त्याचंच वाईट वाटत होतं. 'दिवा लागलाच नाही रे,' एवढंच ती दोन-तीनदा म्हणाली. मी तिला उचलायला वाकलो, हातवारे झाले, तेव्हाही तो लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला वायरमन आला. जिन्यात पाऊल ठेवलं आणि दिवा लख्खकन लागला. तो मागे सरला, दिवा विझू दिला, पुन्हा आला, पुन्हा लागला. 'बघा भाऊ, चालू आहे. बसवला तेव्हाही तुमच्यासमोर टेस्ट करून दाखवला होता.' खरंच दाखवला होता. तीन वेळा. मीच चालून पाहिलं होतं आणि खूश झालो होतो. त्या पोराचा चेहरा इतका प्रामाणिक होता की मला त्याला काही बोलवेना. आईचा बँडेज बांधलेला पाय स्टुलावर, वर लख्ख पेटलेला दिवा, आणि मधे आम्ही दोघं. बाबा दारात उभे राहून बघत होते. त्यांनी फक्त एक विचारलं, 'जानेवारीत किती वाजता दाखवला होतास रे बाळा?' तो म्हणाला, 'सकाळीच काका, असाच.' बाबा 'बरं' म्हणाले आणि आत गेले. ते 'बरं' माझ्या डोक्यातून कित्येक दिवस गेलं नाही.

या दिव्याच्या पांढऱ्या घुमटाआड नखाएवढा एक तुकडा असतो. तो माणूस ओळखत नाही, आणि खरं तर उष्णताही मोजत नाही. समोरच्या दृश्यात कुठेतरी ऊब बदलली, एका जागेवरून दुसरीकडे सरकली, एवढंच त्याला कळतं. जानेवारीतल्या नाशिकच्या सकाळी, निफाडकडून गार वारा येत असताना, दहा-बारा अंशांच्या भिंतीसमोरून एक माणूस चालत गेला तर त्याच्या दृष्टीने ती शेकोटीच चालत गेली. मेच्या रात्री त्या कोंडलेल्या जिन्यात भिंत चौतीस-पस्तीस अंशांवर होती. माणसाच्या कातडीचंही तापमान तेवढंच.

भिंत आणि आई त्याला एकच दिसली.

हे मला समजलं तेव्हा मी बाबांना सांगायला गेलो, काहीतरी नवं सापडल्यासारखा. ते म्हणाले, 'हो, के-तेराचंच दुखणं.' आणि मला पन्नास वर्षांपूर्वीचं अंगण दिसलं. बाबा ओझर मिगला होते. नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. आम्हाला गाव ओझर आणि कारखाना मिग हे दोन शब्द सुटे कधी ऐकूच आले नाहीत. १९६४ साली कारखाना उभा राहिला तो मिग-२१ एफएल ही लढाऊ विमानं आणि त्यांच्या पंखाखाली लटकणारी, उष्णतेच्या मागे जाणारी के-१३ क्षेपणास्त्रं सोव्हिएत परवान्यावर बनवण्यासाठी. बाबा सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे तपासणी विभागात लागले. कामाचं ते घरी फारसं बोलत नसत, पण विमान उडायला लागलं की आमच्या टाउनशिपमधल्या खिडक्यांच्या काचा लाकडी चौकटीत थरथरायच्या आणि आई कपाटातल्या कपबशा हाताने दाबून धरायची. उन्हाळ्यात आम्ही अंगणात बाजा टाकून झोपायचो. अशाच एका रात्री, मी चौथीत असेन, बाबांनी मला के-तेराचा जन्म कसा झाला ते सांगितलं. एका विमानाला मागून क्षेपणास्त्र लागलं, पण फुटलं नाही, रुतून बसलं, आणि तो वैमानिक ते तसंच अंगात घेऊन घरी आला. मी विचारलं, 'मग त्याचं काय झालं?' बाबा म्हणाले, 'क्षेपणास्त्राचं? ते रशियाला पाठवलं.' मला वैमानिकाचं विचारायचं होतं. पण तोवर बाबा कुशीवर वळले होते.

नंतर मोठा झाल्यावर ती गोष्ट मुळापासून वाचली, पुन्हा पुन्हा वाचली. ती सुरू होते कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात, चायना लेक नावाच्या ठिकाणी. तिथे अमेरिकन नौदलाचं शस्त्र-चाचणी केंद्र होतं आणि विल्यम मॅक्लीन नावाचा एक भौतिकशास्त्रज्ञ. चाळिशीच्या दशकाच्या शेवटी, वरून कोणी सांगितलेलं नसताना, त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उष्णतेच्या मागे जाणारं क्षेपणास्त्र करायला घेतलं. मॅक्लीनचा ध्यास साधेपणाचा होता. जे एका भागात होतं तिथे दोन भाग घालायचे नाहीत. पुढे काचेचा एक डोळा, त्यामागे गरगर फिरणारा आरसा, लेड सल्फाइडचा एक तुकडा जो विमानाच्या शेपटीतला तापलेला धातू पाहून विद्युत संकेत देतो. आरसा आणि तुकडा यांच्यामध्ये नक्षी काढलेली एक चकती. ती फिरली की एकाच बिंदूतून येणारी ऊब चमचमते, आणि आकाशासारखी पसरलेली ऊब तशी चमचमत नाही. ज्या दिशेला चमचम, तिकडे वळायचं. तेही थेट अंगावर धावत जायचं नाही. खो-खोत कसलेला खेळाडू पळणाऱ्याच्या पाठीमागे धावत सुटत नाही, तो जिथे पोचणार तिथे सूर मारतो, तसं हे क्षेपणास्त्र लक्ष्याच्या पुढच्या जागेचा अंदाज घेत वळतं. आणि ते स्वतःभोवती गिरक्या घेऊ नये म्हणून शेपटीच्या चार पंखांच्या टोकांना चार दातेरी चाकं. वाऱ्याने ती प्रचंड वेगाने फिरतात आणि भोवऱ्यासारखी स्वतःचा तोल धरून पंखांना सावरतात. ओझरला बाबांनी ते चाक एकदाच पाहिलं म्हणे, पण त्याचं वर्णन करताना ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि करंज्यांचं कातणं घेऊन आले. 'हे असं. फक्त जाड, आणि कडा खोल.' वाऱ्यावर फिरणाऱ्या चाकाने वाऱ्यातच तोल सांभाळायचा, त्यासाठी वेगळी मोटर नाही, वायर नाही. मला अजूनही हे सुचणं फार सुंदर वाटतं. एका मारणाऱ्या वस्तूत इतकं सुंदर काही असावं याचा त्रासही तेव्हापासूनच आहे.

त्याचं नाव साइडवाइंडर. त्याच वाळवंटातला एक साप, जो भक्ष्याच्या अंगची ऊब ओळखतो आणि वाळूवर तिरका सरपटतो. लांबी २.८३ मीटर, जाडी १२७ मिलिमीटर, वजन सत्तर किलोच्या आसपास. दोन माणसं उचलू शकतील असं. ११ सप्टेंबर १९५३ ला चायना लेकवर त्याने पहिल्यांदा एका माणूसविरहित विमानाला गाठलं. त्याआधी कितीतरी नेम चुकले होते, त्यामुळे त्या दिवशी तिथल्या लोकांना काय वाटलं असेल याची मी सहज कल्पना करू शकतो. मीही जानेवारीत जिन्यात तीनदा ये-जा केलीच होती की. १९५६ मध्ये ते नौदलाच्या ताफ्यात आलं.

त्या चाचण्या खोट्या नव्हत्या. हे मला ठामपणे लिहायचं आहे, कारण अशा गोष्टींत कोणीतरी लबाडी केली असेल असं समजण्याकडे आपला कल असतो. मोहावीत हवा कोरडी, आभाळ महिनोन्महिने निरभ्र. लक्ष्य म्हणून सोडलेलं जुनं विमान रेडिओवर चालवलेलं, उंचावर सरळ रेषेत, एकाच वेगाने जाणारं. मागे थंड निळं आकाश. डागणारा वैमानिक नेमका पाठीमागे येऊन, योग्य अंतरावर, विमान स्थिर धरून बटण दाबणार. क्षेपणास्त्र प्रयोगशाळेतून नुकतंच आलेलं, ज्यांनी ते बनवलं त्यांच्याच हातांनी पुसलेलं, तपासलेलं. आणि हे सगळं असंच असण्याला कारणही होतं. पन्नाशीच्या दशकात अमेरिकेला भीती होती ती सोव्हिएत बॉम्बफेकी विमानांची. ती उंचावरून, जडशीळ, सरळ येणार होती. जो शत्रू मनात होता त्याच्यासारखंच लक्ष्य त्यांनी समोर ठेवलं. क्षेपणास्त्राने त्या परीक्षेत चांगले गुण मिळवले. मग त्या गुणांची चिठ्ठी तेवढी पुढे गेली आणि वाळवंट मागे राहिलं. इतकं मागे, की अमेरिकेने आपल्या नव्या फँटम लढाऊ विमानात तोफच बसवली नाही. आता क्षेपणास्त्रं आहेत, जवळून गोळीबार करायची वेळ येणारच नाही, असं मानलं गेलं.

पहिली लढाईही जणू चाचणीच असावी अशी झाली. २४ सप्टेंबर १९५८, तैवानची सामुद्रधुनी. तैवानच्या सेबर विमानांना अमेरिकेने गुपचूप साइडवाइंडर बसवून दिली होती. समोर चीनची मिग-१७. ही मिग सेबरपेक्षा जास्त उंच जाऊ शकायची, म्हणून त्यांचे वैमानिक वर, सेबरच्या तोफांच्या टप्प्याबाहेर, निर्धास्त सरळ उडत असत. खालून असं काही वर येऊ शकतं हे त्यांना माहीतच नव्हतं. उंच, सरळ, बेसावध, मागे थंड आकाश. किती मिग पडली यावर दोन्ही बाजूंचे आकडे आजही जुळत नाहीत, पण क्षेपणास्त्राने जगात पहिल्यांदाच विमान पाडलं ते त्या दिवशी. ज्यांना शंका होती त्यांचीही त्या दिवशी खात्री पटली असणार. मला मात्र वाटतं, पुढच्या सगळ्या गफलतीचं बी त्या यशात होतं. परीक्षेतला प्रश्न जसाच्या तसा लढाईत आला, आणि आता कोणताही प्रश्न सुटेल असा समज झाला.

त्याच संघर्षात ते एक क्षेपणास्त्र मिगमध्ये रुतून बसलं, असं सांगतात.

लहानपणी जो प्रश्न विचारायचा राहिला तो इथे आहे. त्या माणसाला काय झालं असेल? मागून एक धक्का. विमान हलतं, पण उडत राहतं. त्याला माहीत नाही की आपल्या पाठीशी साडेचार किलो स्फोटकं असलेलं काहीतरी अडकलं आहे. की माहीत होतं? उतरताना चाकं धावपट्टीला टेकली तो क्षण कसा गेला असेल? पुढची हकीकत सगळ्यांनी त्या क्षेपणास्त्राची लिहिली आहे. ते मॉस्कोला गेलं, तिथे उलगडलं गेलं, त्यावरून के-१३ तयार झालं. गेन्नादी सोकोलोव्स्की या सोव्हिएत क्षेपणास्त्र अभियंत्याने पुढे त्याची तुलना विद्यापीठाशी केली, क्षेपणास्त्र कसं बांधावं हे शिकवणाऱ्या विद्यापीठाशी. त्यांना थक्क केलं ते मॅक्लीनच्या साधेपणाने. आणि तीच विद्या काही वर्षांत द्राक्षबागांच्या मधोमध आमच्या ओझरला आली, जिथे बाबांसारखी माणसं सायकलवर डबा लावून सकाळच्या पाळीला जात होती. ज्या माणसाच्या पाठीत ती रुतून आली होती त्याचं नाव मला आजवर कुठे सापडलेलं नाही.

मग व्हिएतनाम. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण आमच्या जिन्यातला मे महिना मला तिथे भेटला. पावसाळी, दमट, ढगांनी भरलेला प्रदेश. लढाई उंचावर नव्हे, बरेचदा खाली, झाडांच्या शेंड्यांवर. समोर बोजड बॉम्बफेकी विमान नव्हतं, तर लहान, चपळ मिग-१७ आणि मिग-२१, ज्यांचा वैमानिक मागे कोणी आलं की कचकन वळत असे. साइडवाइंडरचा सुरुवातीचा डोळा थंड केलेला नव्हता, त्याला फक्त शेपटीतला लालबुंद धातू दिसायचा, म्हणजे बरोबर पाठीमागे जाणं आलं. वळणारं विमान दोन-तीन सेकंदांत त्याच्या नजरेच्या अरुंद नळीतून निसटायचं. डागणाऱ्या वैमानिकानेही जोरात वळत असताना बटण दाबायचं नाही, ही अट होती. पण शत्रू जोरात वळत असताना आपण सरळ राहायचं तर तो हातचा गेलाच. फार लांबून डागलं तर पोचत नाही, फार जवळून डागलं तर सावरायला वेळ मिळत नाही. आणि हे सगळं चाललेलं असताना, घामाने डोळे चुरचुरताहेत, मानेवर स्वतःच्या वजनाच्या पाच-सहा पट ओझं आहे, कानात चार जण एकदम बोलताहेत, तेव्हा अंतर किती हे अंदाजाने ठरवायचं. अनेक वैमानिकांनी लढाईपूर्वी खरं क्षेपणास्त्र क्वचितच डागलेलं होतं. ते महाग होतं.

त्यांच्या कानात अजून एक आवाज असायचा. क्षेपणास्त्राच्या डोळ्याला ऊब दिसली की हेडफोनमध्ये गुरगुर ऐकू येते. कुत्र्याने दबक्या आवाजात गुरगुरावं तशी, ऊब नीट दिसली की चढत जाणारी. वैमानिकाला ती सांगते, दिसलं, सोड मला. पण तो डोळा सूर्याकडे पाहूनही गुरगुरायचा. उन्हात उजळलेल्या ढगाच्या कडेकडे पाहून गुरगुरायचा. तापलेल्या जमिनीवर खाली उडणाऱ्या विमानाकडे रोखला तर तो विमानासाठी गुरगुरतोय की जमिनीसाठी, हे कळायचं नाही. मोहावीत मागे निळं थंड आभाळ होतं तेव्हा त्या गुरगुरीचा एकच अर्थ होता. इथे तिचे चार अर्थ झाले, आणि कोणता खरा हे ओळखायला माणसाकडे दोन सेकंद होते.

शिवाय क्षेपणास्त्रही आता ते प्रयोगशाळेतलं राहिलं नव्हतं. ते पंखाखाली लटकून कितीतरी उड्डाणांना जाऊन आलेलं असायचं. प्रत्येक वेळी विमानवाहू जहाजावर दाणकन आदळत उतरायचं, खारी हवा, रात्रभर पाऊस, दुपारी तापलेली धावपट्टी, वर जाताच गोठवणारी थंडी, पुन्हा खाली दमट वाफ. काच धुरकट व्हायची, जोड सैल व्हायचे. तपासणीतून एकदा पास झालेली वस्तू पुढे रोज थोडी-थोडी बदलते, पण तिच्यावरचा शिक्का बदलत नाही.

१९६७ मध्ये अमेरिकन हवाई दलाने फँटमच्या नव्या आवृत्तीवर साइडवाइंडरऐवजी फाल्कन नावाचं दुसरं उष्णताशोधी क्षेपणास्त्र दिलं. कागदावर ते सरस होतं, त्याचा डोळा थंड करायची सोय होती. पण ते थंड करणारं द्रव जेमतेम दोन मिनिटं पुरायचं. म्हणजे शत्रू दिसायच्या आधी सुरू केलं तर लढाईच्या वेळी संपलेलं, दिसल्यावर सुरू केलं तर तोवर संधी गेलेली. आणि ते लक्ष्याला प्रत्यक्ष धडकलं तरच फुटायचं, जवळून गेलं तर वाया. थायलंडमधल्या उबॉन तळावर कर्नल रॉबिन ओल्ड्स होते. त्यांच्याच तुकडीने २ जानेवारी १९६७ ला एका मोहिमेत सात मिग-२१ पाडल्याची नोंद आहे. फाल्कनचा अनुभव घेतल्यावर त्यांनी आपल्या तळावरच विमानांची वायरिंग बदलून घेतली आणि जुनी साइडवाइंडर पुन्हा लावली. वायरिंग बदलणारी ती माणसं मला फार जवळची वाटतात. कोणाच्या अहवालाची वाट न पाहता, ज्याला उद्या उडायचं आहे त्याच्यासाठी रात्री बसून तारा जोडणारी.

अहवालही आला. नौदलाचे कॅप्टन फ्रँक ऑल्ट यांनी १९६८ च्या अखेरीपर्यंत सगळी पाहणी केली. १७ जून १९६५ ते १७ सप्टेंबर १९६८ या काळात सुमारे ३६० चकमकींत जवळपास ६०० क्षेपणास्त्रं डागायचा प्रयत्न झाला होता, रडारवर चालणारी आणि उष्णता शोधणारी अशी दोन्ही मिळून. दहा प्रयत्नांमागे साधारण एक विमान पडलं. ऑल्ट यांनी दोष एका जागी शोधला नाही, म्हणून तो माणूस मला मोठा वाटतो. कारखाना नीट वस्तू देतो का, ती जहाजापर्यंत नीट पोचते का, जहाजावर तिची निगा नीट राहते का, वैमानिकाला ती कधी चालते आणि कधी नाही हे ठाऊक आहे का, दुरुस्तीहून परत आलेली वस्तू चांगली असते का. पाच प्रश्न, कारखान्याच्या दारापासून वैमानिकाच्या अंगठ्यापर्यंत. बाबांना मी हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, 'पुन्हा वाच.' मी पुन्हा वाचलं. ३ मार्च १९६९ ला कॅलिफोर्नियातल्या मिरामार तळावर नौदलाच्या वैमानिकांची शाळा सुरू झाली, जिथे कधी डागायचं यापेक्षा कधी डागायचं नाही हे शिकणंही तेवढंच महत्त्वाचं होतं. डोळे थंड केलेली सुधारित साइडवाइंडर आली, फँटमला पुढे तोफही मिळाली. १९७२ मध्ये नौदलाच्या साइडवाइंडरपैकी जवळपास निम्मी लागली. मधल्या वर्षांत कोण कोण परत आलं नाही याचा हिशेब त्या निम्म्यात बसत नाही.

आपल्याकडेही हेच घडलं, फक्त कमी लिहिलं गेलं. ४ सप्टेंबर १९६५ ला विंग कमांडर वॉलन यांनी मिग-२१ मधून एका पाकिस्तानी सेबरवर दोन के-१३ सोडली. सेबर अगदी खाली उडत होतं, तापलेल्या जमिनीलगत. दोन्ही चुकली. तीनच दिवसांनी सरगोध्याच्या पाकिस्तानी तळावर पलीकडच्या बाजूलाही तेच, पाकिस्तानच्या एम. एम. आलम यांचं पहिलं साइडवाइंडर खाली उडणाऱ्या भारतीय हंटर विमानावर सुटलं आणि जमिनीत गेलं. एकाच सापाची दोन पिल्लं, आणि दोघांनाही जमीन आणि विमान वेगळं करता आलं नाही. १२ डिसेंबर १९७१ ला कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट सोनी यांनी एका पाकिस्तानी स्टारफायटर विमानाचा पाठलाग केला. आधी क्षेपणास्त्र सोडलं, ते चुकलं, मग जवळ जाऊन तोफेने पाडलं. त्या स्टारफायटरचा वैमानिक समुद्रात उतरला आणि पुन्हा सापडला नाही. १७ डिसेंबरला फ्लाइट लेफ्टनंट दत्ता यांचं के-१३ मात्र नेमकं लागलं. बाबा सांगतात, त्या हिवाळ्यात ओझरला ही बातमी आली तेव्हा लोकांनी पेढे वाटले होते. बाबा स्वतः तेव्हा तिथे नव्हते, पुढच्याच वर्षी लागले, पण पेढ्यांची गोष्ट त्यांनी ऐकली ती आपलीशी झाली.

माझं मन इथे नेहमी अडतं. लहानपणी चुकलेल्या क्षेपणास्त्रांचं मला वाईट वाटायचं. इतक्या लोकांनी इतकं मन लावून केलेलं काम, आणि गेलं जमिनीत. आता त्या खाली उडणाऱ्या सेबरमधला माणूस डोळ्यापुढे येतो. त्याच्यामागे दोन वेळा मरण सुटलं आणि तापलेल्या मातीने त्याला स्वतःत लपवून घेतलं. तो त्या रात्री जेवला असेल. आणि त्याच वेळी मला हेही ठाऊक आहे की चुकलेल्या क्षेपणास्त्रामागे आपला एक माणूस होता, ज्याला सांगितलं होतं की हे लागतं, आणि ज्याने त्या शब्दावर स्वतःला शत्रूच्या मागे नेऊन उभं केलं होतं. या दोन्ही भावना माझ्यात एकदम असतात. त्यांची कधी तडजोड झालेली नाही आणि ती व्हावी असंही मला वाटत नाही. बाबांना मी एकदा विचारलं, तुम्हाला काय वाटायचं? त्यांनी बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, 'आमच्या हातून गेलेली वस्तू फसली आणि आपलं पोरगं अडकलं, असं होऊ नये एवढंच वाटायचं. पुढचं आम्ही बोलत नव्हतो.' २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ना निरोप दिला तो कार्यक्रम त्यांनी टीव्हीसमोर पाठ ताठ ठेवून पूर्ण पाहिला, आणि संपल्यावर टीव्हीसमोरून उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

आईचा पाय दहा दिवसांत बरा झाला. ती गच्चीवर जायला लागायच्या आदल्या रात्री, पुन्हा साडेनऊ वाजता, बाबांनी मला हाक मारली. ते जिन्याच्या तळाशी खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर वही, भिंतीला दोऱ्याने बांधलेला थर्मामीटर. चौतीस. 'वर जा आणि आई उतरते तशी उतर. सावकाश. हातात परात घे.' मी रिकामी परात घेऊन उतरलो. दिवा लागला नाही. 'आता भिंतीच्या बाजूने.' नाही. 'कठड्याकडून भिंतीकडे, तिरका.' तेव्हा चौथ्या पायरीवर लागला. थेट समोरून येणारं माणूस त्याला कमी दिसतं, आडवं जाणारं जास्त, हे मी वाचलं होतं, पण बाबांना ते वाचावं लागलं नाही. ते प्रत्येक वेळी तारीख, वेळ, तापमान, कुठून कुठे, लागला की नाही, असं एका ओळीत लिहीत होते, त्यांच्या त्या सुट्या, किंचित उजवीकडे कललेल्या अक्षरात. जानेवारीत आम्ही यातलं काहीच लिहिलं नव्हतं. लागला, एवढंच लक्षात ठेवलं होतं.

'आता पंखा आण खालचा,' ते म्हणाले. 'हवा फिरली तर भिंत किती उतरते बघू. आणि उद्या त्या पोराला बोलाव. रागावू नकोस त्याच्यावर. वरच्या पायरीला एक साधं बटण बसवून दे म्हणावं, हाताला लागेल असं.' वरून आईने विचारलं, जेवायला येताय की नाही. बाबांनी पान उलटलं. मी परात उचलली आणि सोळाव्यांदा वर गेलो.